निळ्या खोलीची थंडी

निळी भिंत थंड असते, हा शोध गोंदियात प्रथम कोणी आणला हे कळायला मार्ग नाही. पण तो आला आणि रंगाच्या दुकानांत मुक्कामाला राहिला एवढे खरे. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार रंगपट्टी उलगडतो आणि सांगतो, "बाई, झोपायच्या खोलीला निळा नको. हिवाळ्यात अंगावर येतो. बदामी घ्या." घरातल्या सुनालेकी मोबाइलवर चित्रे पाहून तेच म्हणतात: सुटीच्या दिवसांत निळी खोली उबदार करायची, तर आधी तो निळा झाका, मग केसाळ गालिचा, मखमली उशा, दिव्यांच्या माळा आणा. एवढा खर्च झाला की खोली इतकी देखणी होते, की तिच्यात पाहुण्याला निजवायला जीव धजत नाही. त्याची सतरंजी बाहेरच्या खोलीत, दाराच्या फटीसमोर!

थंडी आमच्याकडे थट्टेची नाही, हे कबूल. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातला नीचांक म्हणून वर्तमानपत्रांत गोंदियाचे नाव वरचेवर झळकते. पारा ७-८ अंशांवर येतो. पण त्या थंडीला भिंतीचा रंग काय करणार? उन्हात काळ्या-पांढऱ्याचा भेद असतो. रात्री दार लावल्यावर भिंत जी उष्णता देते-घेते, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी. तिथे निळा चुना आणि बदामी चुना सारखेच. गटे या जर्मन महाकवीने १८१० साली रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात निळ्याला थंडीच्या बाजूला बसवले. त्याचे ते निरीक्षण मनाचे होते, खोलीचे नव्हे. आमच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीला विचारा: पिवळी ज्योत मंद, निळी ज्योत कडक.

आणि आमचा हा निळा काही डबाबंद रंग नाही. कळीचा चुना भिजवायचा, निवल्यावर गाळायचा, त्यात मूठभर मीठ आणि फडक्यात बांधलेली कपड्यांची नीळ कालवायची. (बाटलीतल्या जांभळ्या थेंबांनी हे काम होत नाही, पूडच हवी.) ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करीत. अजिंठ्याच्या भिंतींवरही तोच आहे. १८२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने तयार होऊ लागला आणि राजेरजवाड्यांची चैन पुडीत येऊन बसली. चुन्यात पुष्कळ रंग विटतात. प्रशियन निळा तर टिकतच नाही. हा टिकतो. शिवाय चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. मातीच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा रंग चढवला की ती ओल आत कोंडते आणि दुसऱ्या पावसाळ्याला पोपडे धरते. मग पुन्हा दुकान.

असा स्वस्त, टिकाऊ, डोळ्यांना शांत रंग. मग त्याच्यावर एवढा राग का? मला वाटते, रागाचे एक कारण हवामानाचे नाही. माझ्या निळ्या खोलीत बसून चहा पिता पिता एका पाहुण्याने ते बोलून टाकले. "हा रंग काहून ठेवला, बाई? लोक भलतेच समजतात ना!" आवाज त्यांनी आपण होऊन खाली आणला होता. भलते म्हणजे काय, हे मी विचारले. ते बशीकडे पाहू लागले.

उत्तर मीच देते. १९४२ साली बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. १९५४ साली ते भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १९९९ साली. त्या निवडणुकीत आम्ही त्यांना पाडले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात धर्मांतर केले. तेव्हापासून या भागात कित्येक घरांनी निळा रंग मानाने लावला, आणि कित्येकांनी तो त्याच कारणाने पुसला. निळा टाळणारा प्रत्येक जण या भावनेने टाळतो, असे मी म्हणत नाही. कोणाला बदामीच आवडत असेल, तर त्याने सुखाने लावावा. पण ज्याला शेजाऱ्याची भीती वाटते, त्याने थंडीचे नाव पुढे करू नये. आकाश निळे आहे म्हणून कोणी अंगणात निजायचे सोडले नाही.

तेव्हा निळी खोली निळीच ठेवा आणि ऊब जिथून येते तिथून आणा. ऊब येते अडवलेल्या हवेतून. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून बारीक टाक्यांनी शिवलेली गोधडी उबदार असते, ती प्रत्येक थरात थोडी हवा धरून ठेवते म्हणून. मखमलीच्या उशीला ती विद्या नाही. धान मळून झाले की तणसाला तोटा नसतो. ते उन्हात कोरडे करून गादीखाली पसरावे. जमिनीचा गारठा वर येत नाही. दाराखालच्या फटीला जुन्या धोतराची वळी लावावी. तो निळा झिरोचा दिवा मात्र खुशाल काढून टाका, तिथे माझाही विरोध नाही. त्याच्या जागी पिवळा दिवा लावा. निळ्या भिंतीवर पिवळा उजेड पडला की भिंत मऊ होते, आणि दाराला झेंडूची माळ असली, तर केशरी रंग निळ्याशेजारी जसा पेटतो तसा बदामीशेजारी कधी पेटत नाही. निखाऱ्यांची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवून निजू नका. त्या वायूला वास नसतो, आणि त्याने निजलेली माणसे उठत नाहीत.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई सुरू होते. गावोगाव पाळीने मंडई भरते, रात्रभर नाटक चालते आणि लेकीजावई, मामेमावशा, त्यांच्याबरोबर आलेली कोणाची तरी पोरे, सगळी एकाच घरात उतरतात. निळी खोली त्यांच्यासाठी उघडी हवी. गोधड्यांची चळत दाराशी, हाताला लागेल अशी ठेवावी. नाटक पहाटे सुटते आणि किती जण परत येतील, हे कोणी सांगून जात नाही.