मर्यादा कोणावर, टंचाई कोणासाठी?

१९०८ सालच्या उन्हाळ्यात पुण्यातील दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहत आणि आत शिरणाऱ्याला हात जोडून परत फिरण्याची विनंती करीत. त्या चळवळीची बाजू हिरिरीने मांडणारा ‘केसरी’ नारायण पेठेतील गायकवाड वाड्यातून निघत होता. सरकारने संरक्षण दिले ते दुकानांना; खटले भरले ते स्वयंसेवकांवर. ‘पिऊ नका’ म्हणणारा गुन्हेगार आणि विकणारा परवानाधारक, असा तो न्याय होता. त्याच्याही अठ्ठावीस वर्षे आधी, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. फुले आणि टिळक यांच्या सामाजिक भूमिकांत दोन टोकांचे अंतर. पण अबकारीच्या उत्पन्नावर डोळा ठेवून गरिबांच्या संसाराची धूळधाण पाहत राहणाऱ्या राज्यकर्त्यांचा लोभ दोघांनीही ओळखला होता.

त्याच पुण्यात २००९ साली देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली. आता मुंढव्यापासून बालेवाडीपर्यंत अशा जागा झाल्या आहेत. काचेच्या भिंतीआड चकचकीत पिंपे, फळ्यावर खडूने लिहिलेली त्या आठवड्याची नावे, आंब्याच्या हंगामात आंब्याची बिअर, एरवी कोकमाची किंवा गुळाची. पिंप रिकामे झाले की ती बिअर संपली. पुन्हा होईल की नाही, सांगता येत नाही. मग ती संपण्याआधी गाठण्याची धडपड सुरू होते. नारायण पेठेतल्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतला तरुण कामावरून सुटल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला दुचाकी दामटतो, एका पेल्यासाठी मजुराच्या रोजाचा मोठा हिस्सा मोजतो आणि मिळाल्याचा आनंद छायाचित्रासह जगाला कळवतो. न मिळाल्याची हळहळही तितक्याच गांभीर्याने कळवली जाते.

या छंदाचे माहेर अमेरिका आहे. कॅलिफोर्नियातील सांता रोझा या गावी ‘प्लिनी द यंगर’ नावाची बिअर वर्षातून काही दिवसच मिळते. तिच्यासाठी लोक तासन् तास रांगेत उभे राहतात आणि एका माणसाला तीन छोट्या पेल्यांहून अधिक देत नाहीत. दुकानांतून ‘माणशी एकच बाटली’ असे फलक लागतात. रांगेत कुटुंबातील चार माणसे उभी करून चार बाटल्या मिळवणारे आणि त्या दामदुपटीने विकणारे निघतात. थोडक्यात, ज्या देशात कशाचीही ददात नाही, तेथे सुखवस्तू माणसे हौसेने टंचाईचा खेळ खेळतात. आता तो खेळ आपल्याकडेही आला आहे.

एखाद्याने काय प्यावे, याची चौकशी करण्यात समाजवादी चळवळीला रस असण्याचे कारण नाही. पण या खेळामागे एक गंभीर प्रश्न उभा आहे आणि कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घेतला पाहिजे. तो प्रश्न मर्यादेचा आहे. ‘माणशी इतकेच’ हा नियम मूळचा समाजवादी नियम आहे. वस्तू कमी आणि गरजवंत फार, अशा वेळी पैशाच्या जोरावर एकाने सारे उचलू नये, दुबळ्याच्याही पदरात काही पडावे, म्हणून तो नियम केला जातो. रेशनकार्ड हे त्या विचाराचे अपत्य होय. बाजाराने हा नियम उचलला आणि उलटा केला. बाजारातली मर्यादा सर्वांना मिळावे म्हणून नसते; अनेकांना मिळू नये, आणि न मिळाल्यामुळेच किंमत वाढावी, म्हणून असते. एक मर्यादा वाटण्यासाठी, दुसरी विकण्यासाठी. दोन्हींची रांग सारखीच दिसते, म्हणूनच त्यांतला फरक पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

हा फरक बिअरच्याच जगात स्वच्छ दिसतो. बेल्जियममध्ये वेस्टव्लेटेरन येथे सिंट-सिक्स्टस नावाचा ख्रिस्ती मठ आहे. तेथील संन्यासी बिअर बनवतात, मठ चालावा एवढीच बनवतात आणि मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढवीत नाहीत. त्यांची बिअर जगात सर्वोत्तम ठरवली गेली, तरी भाव त्यांनी साधाच ठेवला. आधी नाव नोंदवायचे, गाडीचा क्रमांक सांगायचा, ठरलेल्या पेट्या घेऊन जायचे. पुन्हा विकायचे नाही, ही अट. २०१८ साली नेदरलँड्समधील एका दुकानसाखळीने इकडूनतिकडून हजारो बाटल्या गोळा केल्या आणि मठात दोन युरोंच्या आसपास मिळणारी बाटली दहा युरोंना विकायला काढली. संन्याशांनी उघड निषेध केला. आपल्या वस्तूचा भाव पाचपट झाला म्हणून कोणता कारखानदार निषेध करील? तो पुढच्या वर्षी आणखी कमी माल काढील. मठाची मर्यादा ग्राहकांमध्ये न्याय करण्यासाठी होती. त्या दुकानदाराला तिच्यात फक्त नफा दिसला.

पुणेकरांना टंचाई नवी नाही. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी एके काळी वर्षानुवर्षे नंबर लागत असे आणि नंबर आलेला माणूस ‘ऑन’ घेऊन तो विकत असे. १९७२च्या दुष्काळानंतरच्या दिवसांत धान्य, तेल, रॉकेल यांच्यासाठी बायका पहाटेपासून रांगा लावीत. पण त्या टंचाईला कोणी भूषण मानीत नव्हते. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या त्या टंचाईचा जाब विचारण्यासाठी. साठेबाजाला तेव्हा समाजाचा शत्रू म्हणत. आज तीच साठेबाजी हौस म्हणून मिरवते आणि टंचाई हा जाहिरातीचा मजकूर झाला आहे.

या देशातल्या खऱ्या मर्यादा मात्र अजून जागच्या जागी आहेत. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ‘माणशी इतकेच’ हा नियम येथे अक्षरशः लागू आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला एकशे पासष्ट ग्रॅमच्या आसपास. अंगमेहनत करणाऱ्याच्या एका जेवणालाही ते पुरत नाही. तेवढ्यासाठीही यंत्रावर अंगठा उमटावा लागतो आणि राबून राबून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या म्हातारीचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. १९९७ साली ‘लक्ष्यित’ वाटपाच्या नावाखाली सार्वत्रिक रेशनव्यवस्था मोडली, तेव्हा मध्यमवर्गाने रेशनच्या दुकानाकडे पाठ फिरवली. त्या वर्गाचा आवाज गेला आणि दुकानाची अवकळा कायमची झाली. आज त्याच वर्गाची मुले दुर्मिळ बिअरच्या रांगेत हसतमुखाने उभी असतात. रेशनची रांग त्यांना कमीपणाची वाटते. ही रांग प्रतिष्ठेची.

पाण्याचेही तेच. २०१६च्या मार्च महिन्यात लातुरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्याच मराठवाड्यात बिअरचे आणि मद्याचे कारखाने चालू होते. त्यांचे पाणी कमी करण्यासाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले आणि न्यायालयाने कपातीचा आदेश दिला. माणसांच्या घागरीवर मर्यादा घालायला सरकारला कोणी सांगावे लागले नाही; कारखान्याच्या नळावर ती घालायला न्यायालय लागले. या एका उदाहरणात राज्यकर्त्यांचा अग्रक्रम पुरता उघडा पडतो.

आणि सरकारची कायद्याच्या पातळीवरची भूमिका? १९४९ सालचा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि त्याने किती मद्य बाळगावे यालाही मर्यादा आहे. प्रत्यक्षात एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, देशी दारूचा दोन रुपयांचा. कायद्याचे नाव दारूबंदी, व्यवहार दारूविक्री. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादनशुल्क वाढवले. देशी दारूचे शुल्क प्रूफ लिटरला १८० रुपयांवरून २०५ रुपये केले, विदेशी मद्याचे उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. उद्दिष्ट आरोग्याचे नव्हते. वर्षाला आणखी १४,००० कोटी रुपये तिजोरीत यावेत हे होते. या वाढीतून वाईन आणि बिअर वगळण्यात आल्या. म्हणजे हमालाची देशी महाग झाली आणि फळ्यावर खडूने लिहिलेली बिअर सुटली. देशी महाग झाली की हातभट्टीचे विष स्वस्त वाटू लागते. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली, ती सारी गरीब वस्तीतली होती.

‘क्राफ्ट’ या शब्दाचा अर्थ हस्तकौशल्य. मग मोहाच्या फुलांपासून पिढ्यान् पिढ्या घरी दारू गाळणाऱ्या आदिवासीचे ते काय? इंग्रज सरकारने १८९२ साली खास कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच बंधने घातली, कारण घरच्या दारूने अबकारी बुडत होती. आजही विनापरवाना गाळणारी आदिवासी बाई गुन्हेगार ठरते. तिचे हस्तकौशल्य म्हणजे हातभट्टी, आणि भांडवलदाराच्या पिंपातले हस्तकौशल्य म्हणजे संस्कृती. फरक चवीचा नाही. परवान्याची फी भरण्याची ऐपत कोणाकडे आहे, एवढाच आहे.

यावर काही मित्रांचे एक उत्तर असते आणि ते टाळून चालणार नाही. ते म्हणतात, छोटा बिअरवाला हा मक्तेदारीविरुद्ध उभा राहिलेला कारागीर आहे. भारतातला बिअरचा बाजार मूठभर कंपन्यांच्या हाती आहे. त्यांतली सर्वांत मोठी युनायटेड ब्रुअरीज २०२१पासून हायनेकेन या परदेशी कंपनीच्या ताब्यात आहे. मग छोट्याची बाजू समाजवाद्यांनी घेऊ नये काय? या म्हणण्यात तथ्य आहे. मक्तेदारीपेक्षा छोटा उत्पादक केव्हाही बरा आणि त्याच्याकडे राबणाऱ्या कामगाराला नीट वेतन मिळत असेल तर आणखी बरा. परंतु अमेरिकेचा अनुभव डोळ्यांआड करता येणार नाही. शिकागोचा ‘गूज आयलंड’ हा असाच छोट्यांतला नामवंत. २०११ साली जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने तो विकत घेतला. त्याच्या वर्षातून एकदा निघणाऱ्या काळ्या बिअरसाठी लोक त्यानंतरही थंडीत रांगा लावीत राहिले. मालक बदलला तरी टंचाईचा खेळ तसाच राहिला, कारण मक्तेदाराला छोटेपण नको होते, छोटेपणाचा दिखावा हवा होता. कारागिराला वाचवायचे असेल तर त्याची दुर्मिळता विकून तो वाचत नाही.

दुसरे उत्तर व्यक्तिस्वातंत्र्याचे. कमावणाऱ्या माणसाने आपल्या पैशाने काय घ्यावे, हे सांगणारे तुम्ही कोण? कोणीही सांगू नये. पण इच्छा कोणी जागवली, हे विचारण्याचे स्वातंत्र्यही तेवढेच मोलाचे आहे. जी वस्तू सहज मिळत असती तर ज्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, तो ती मिळत नाही म्हणून तळमळत असेल, तर तेथे तहान त्याची असली तरी इच्छा दुकानदाराची आहे. चंगळवादाचा खरा दोष उधळपट्टीत नाही. तो माणसाच्या अस्वस्थतेला खोटे लक्ष्य देतो. नोकरीची शाश्वती नाही, घर आवाक्याबाहेर गेले आहे, संघटना उरली नाही. अशा तरुणाला काहीतरी धडपडून मिळवल्याचे समाधान हवे असते. संघर्षाची ती भूक चळवळीने भागवली नाही, म्हणून ती दुकानदाराने भागवली. हे चळवळीने मान्य केले पाहिजे.

म्हणून या तरुणांची टिंगल करून भागणार नाही. रांग कशी लावावी, नियम सर्वांना सारखा कसा असावा, मधेच घुसणाऱ्याला कसे अडवावे, एकाने चौघांचा वाटा कसा उचलू नये, हे सारे त्यांना नीट कळते. आपल्या आधी आलेल्याला आधी मिळाले नाही तर ते संतापतात. हीच न्यायबुद्धी रेशनच्या दुकानापर्यंत न्यायची आहे. प्रत्येक प्रभागात रेशन दुकानांच्या दक्षता समित्या कागदावर आहेत. त्यांत बसून धान्य किती आले, किती वाटले आणि अंगठा न उमटल्यामुळे कोण रिकाम्या हाताने परतले याची नोंद मागणारे तरुण हवेत. डाळ आणि तेल रेशनवर कायमचे मिळावे, ही मागणी शहरातल्या मध्यमवर्गाच्या तोंडून पुन्हा आली पाहिजे. दारूचे दुकान असावे की नसावे, हे ठरवण्याचा मतदानाचा हक्क स्त्रियांनी महाराष्ट्रात झगडून मिळवला आहे. ‘बाटली आडवी’ करण्याचा तो हक्क खेड्यांपुरता नाही, शहरातल्या प्रभागांनाही आहे. परवाने देताना पाण्याचा हिशेब आधी मागितला पाहिजे. आणि अबकारीच्या पैशावर कल्याणकारी योजना चालवणाऱ्या सरकारला विचारले पाहिजे की गरिबाच्या घरातून एका हाताने काढून दुसऱ्या हाताने त्याच घरात टाकण्याला कल्याण कसे म्हणायचे?

गायकवाड वाड्यातून चालवल्या गेलेल्या त्या लढ्याला सव्वाशे वर्षे होत आली. दुकानापुढे उभ्या राहिलेल्या त्या स्वयंसेवकांचे सारेच मार्ग आज उपयोगी पडतील असे नाही. पण विक्रीच्या मागे कोणाचा लाभ आहे, हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. जोपर्यंत पाच किलोंची मर्यादा गरिबावर आहे आणि टंचाईचा थाट श्रीमंताचा आहे, तोपर्यंत तो विचारत राहिले पाहिजे. ‘माणशी इतकेच’ हा नियम बाजाराच्या हातून काढून घेऊन पुन्हा न्यायाच्या हाती देणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.