एका वेळी एकच गर्भ

'टेस्ट ट्यूब बाळ निरोगी निपजेल ना?' वंध्यत्वावर उपचार घेणारे जोडपे हा प्रश्न हमखास विचारते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली. पुढे ती स्वतः आई झाली. तरीही एका उदाहरणावर भागत नाही, आकडे पाहावे लागतात.

२०१२ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील तीन लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रजनन तंत्राने झालेल्या बाळांत जन्मजात दोष ८.३ टक्के आढळले, इतरांत ५.८ टक्के. आईचे वय व इतर घटक हिशेबात धरल्यावर साध्या आयव्हीएफमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्याच्या 'इक्सी' पद्धतीत मात्र तो उरला. दोष सुईचा की पुरुषातील मूळ वंध्यत्वाचा, हे अशा पाहणीतून ठरत नाही. म्हणून वीर्य तपासणी चांगली असेल, तर 'इक्सी कशासाठी?' असे जरूर विचारावे.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो टाळता येतो. यश हमखास मिळावे म्हणून गर्भाशयात दोन-तीन गर्भ सोडले जातात. जुळे राहिले की घरात आनंद होतो, 'एकाच खर्चात दोन' म्हणून. पण निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. कमी वजन, अपुरी वाढलेली फुप्फुसे, काचेच्या पेटीतले दिवस, पुढे मेंदूच्या पक्षाघाताची वाढलेली शक्यता, हे सारे त्यामागून येते. आईचा रक्तदाबही वाढतो.

स्वीडनने २००३ पासून एका वेळी एकच गर्भ हा नियम केला. उरलेले गर्भ गोठवून पुढच्या खेपेला वापरले जातात. तिथे जुळ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले, मूल होण्याचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले.

आपल्याकडे उपचाराचा खर्च बहुतेकांना खिशातून करावा लागतो, त्यामुळे दुसरी खेप परवडत नाही. हा मोह समजण्यासारखा आहे, पण नवजात अतिदक्षता विभागाचे बिल त्याहून जड असते. २०२१च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदणीची तरतूद केली. त्या नोंदणीत केंद्रांच्या यशाबरोबर बाळाचे वजन, जन्माचा आठवडा आणि पुढची वाढही यावी. केंद्राचे यश गर्भधारणेच्या टक्क्यांवर मोजणे पुरेसे नाही. पूर्ण दिवसांचे, धडधाकट, एकटे बाळ, हाच त्याचा निकष हवा.