कायद्याने मुलगा, कामाला सून

‘घरच्या माणसाचं करायचं, त्याचे पैसे कसले मागायचे?’ हा सवाल करणारा बहुतेक वेळा ते करणाऱ्यांपैकी नसतो. अर्धांगवायू झालेल्या सासूला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारी, चालता न येणाऱ्या मोठ्या मुलाला उचलून न्हाणीत नेणारी बाई हा सवाल करत नाही. तिचा हिशेब वेगळा असतो, आणि तो कुणी ऐकून घेतलेला नाही.

औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवरच्या धरणाजवळ सिद्धेश्वर गाव आहे. या भागातल्या बाईची कमाई सोयाबीनच्या खुरपणीवर, हळदीच्या काढणीवर. तेवढ्यावर ज्यांचं भागत नाही ते ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. अंथरुणावरच्या माणसासाठी बायको मागे राहिली की नवरा उरतो अर्धा कोयता. म्हणजे सेवेची किंमत ते घर रोख मोजतंच आहे. ‘सेवेत पैसा आणू नका’ म्हणणाऱ्यांना हा बुडालेला पैसा दिसत नाही, एवढंच.

बरं, सांभाळणं हे काम नाही असं कायदाही म्हणत नाही. २००५च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर एका बाईने ती सांभाळावीत आणि तिला मजुरी मिळावी अशी तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरलंच पाहिजे असं स्पष्ट केलं. तो खटला अपघातातल्या भरपाईचा होता. बाई मेल्यावर तिच्या कामाला आकडा लावता येतो, मग ती जिवंत असताना का नाही?

दुसरा आक्षेप: ‘सासूसासऱ्यांचं करणं सुनेचं कर्तव्यच आहे.’ ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा उघडून पाहावा. त्यातल्या अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत; सून नाही. सुनेला आणि जावयाला त्यात आणू पाहणारं विधेयक २०१९मध्ये मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे उभा राहायचा तो मुलगा. रात्री उठून लघवीचं भांडं धरायची ती सून. तिने प्रेमाने केलं तर तिचा मोठेपणा. पण जे तिच्यावर कायद्याने लादलेलंच नाही, ते तिचं कर्तव्य ठरवून तिचा आवाज बंद करायचा, हा अन्याय आहे.

‘सरकार देतंय की’ असंही म्हणतात. काय देतं? संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, दिव्यांगांसाठी २०२५मध्ये अडीच हजारांवर गेलेले, हे त्या दिव्यांग व्यक्तीच्या निर्वाहाचे आहेत. लाडक्या बहिणीचे दीड हजार घरात आजारी माणूस असो वा नसो, सारखेच. सांभाळणाऱ्याच्या श्रमाचा यात कुठेच विचार नाही.

तो विचार दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे. पगार घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारा कुणीही, आईवडील आणि घरचे धरून, त्या कायद्याने काळजीवाहक मानला आहे. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख कलम २४मध्ये आहे. कलम ३८खाली त्या आधाराची मागणी स्वतः दिव्यांगाला करता येते, तशी त्याच्या वतीने घरच्यांनाही. यातली उणीवही सांगायला हवी. हा भत्ता दिव्यांगाच्या हक्कातून येतो, सांभाळणाऱ्याच्या नव्हे. आणि योजना आखायच्या त्या सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. या मर्यादेच्या आडोशाला वर्षं निघून जातात. केरळने मात्र आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावाची आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. त्या विभागाने हे पाऊल उचलायला हवं, आणि रक्कम निदान बुडालेल्या मजुरीच्या जवळ जाणारी हवी.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. भत्ता दिला की बाई त्याच खाटेपाशी कायमची बांधली जाईल, पुरुष आणखी मोकळे होतील. २०२४च्या वेळवापर पाहणीनुसार घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायका त्यात दिवसाला १३७ मिनिटं घालवतात, पुरुष ७५. आणि मुळात ते करणारे पुरुषच बायकांच्या निम्मे. भीती खोटी नाही. पण पैसे न दिल्याने पुरुष खाटेपाशी आले, असं कुठे दिसलं? भत्त्याबरोबर विसावाही हवा: आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या कुणीतरी सांभाळणं. आणि उचलण्या-वळवण्याचं, जखमा होऊ न देण्याचं प्रशिक्षणही हवं. हे प्रशिक्षण दिव्यांग हक्क कायद्याला परकं नाही. कुटुंबांना काळजी घेण्याचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली आहे.

आज हातात जे आहे ते तरी घ्यावं. दिव्यांगाचं वैश्विक ओळखपत्र काढल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. मुलगा स्वमग्न, मतिमंद, सेरेब्रल पाल्सीचा किंवा बहुविकलांग असेल आणि अठरा पूर्ण झाला असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. आई असूनही बँकेत तिची सही चालत नाही, तेव्हा तोच कागद कामी येतो. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर गेले, हे ग्रामसभेत नाव घेऊन विचारावं. हवा भरलेली गादी, खाटेला लावायचा कठडा, चाकाची खुर्ची अशा वस्तूंची मागणी तिथेच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ग्रामसभेला त्या बाईला जाता येणार नाही, कारण खाटेपाशी दुसरं कुणी नाही. त्या दिवशी तिच्या नवऱ्याने किंवा दिराने घरी बसावं आणि तिला पाठवावं.