विश्लेषण : जुन्या गाडीची हलणारी सीट इतकी धोकादायक का?

ब्रेक दाबला की चालकाची सीट पुढे सरकते, गतिरोधकावर मागे डुलते. पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत ही तक्रार नवी नाही. उमरखेडहून नांदेड किंवा यवतमाळ गाठायचे तर नागपूर-तुळजापूर महामार्ग आहे. रस्ता रुंद झाला, वेग वाढला, गाडी मात्र तीच. तरीही ‘सीटच तर हलते’ म्हणत वॉशर घालून किंवा पाचर ठोकून वेळ मारून नेली जाते. ब्रेक असा चालवून घेतला नसता.

बेल्ट शाबूत असूनही धोका कसा?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरील बेल्टची देशभर चर्चा झाली. बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड आहेच. पण बेल्ट ज्याच्या जोरावर माणसाला धरतो, ते बोल्ट चर्चेत आले नाहीत. अनेक गाड्यांत बेल्टचे बकल सीटच्याच सांगाड्याला असते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. १५ किलोची सीट एकटीच तीन क्विंटलची होते. त्यावरचा ७० किलोचा माणूस चौदा क्विंटलचा. बकल सीटला असेल तर त्यातला मोठा वाटा सीटच्या बोल्टवर येतो.

दुरुस्ती कशी असावी?

आधी दोष कुठे आहे ते पाहावे. सीट दोन्ही हातांनी हलवताना रेल जागेवर राहून फक्त सीट हलत असेल, तर रेल किंवा तिचा खटका झिजला आहे, रेल बदलावी. रेलच उचलली जात असेल तर बोल्ट सैल आहे किंवा पत्रा गेला आहे. बोल्ट नुसताच फिरत राहिला, तर पत्र्याखाली वेल्ड केलेला नट सुटलेला असतो. अशा वेळी मोठा वॉशर हा उपाय नव्हे. मॅट काढून गंज पाहावा, सडलेला पत्रा कापून नवा बसवावा, कंपनीच्याच प्रतीचा बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापात कसावा. सीट काढल्याशिवाय वेल्डिंग नको. फोम पेटतो, आणि खालून इंधनाची नळी जात असू शकते. ओम्नीसारख्या गाडीत इंजिनच पुढच्या सीटखाली, त्यामुळे सीट वारंवार उचलली जाते. तिथे बिजागरी आणि खटका तपासावा.

खर्च वाढतो, हे खरे. गॅरेजवाला गिऱ्हाईक मागेल तेच करतो, त्यामुळे नुसता त्याला दोष देऊन उपयोग नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, पुढे दर पाच वर्षांनी. त्या तपासणीत सीट हाताने हलवून पाहिल्याशिवाय शिक्का पडता कामा नये. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी सीटला एक जोराचा धक्का द्यावा आणि मॅट उचलून पाहावी.