डबा उघडणारे हात



गेल्या पंधरवड्यात एक परिचित दांपत्य दवाखान्यात आले. काका पंच्याहत्तरीचे, काकू एकाहत्तरच्या. मुलगा कॅनडात टोरांटोला असतो आणि जूनपासून तीन महिने त्याच्याकडे राहावयाचे ठरले आहे. औषधांची यादी, चिठ्ठ्या, इन्शुलिनचे पत्र असे सारे सोपस्कार आटोपल्यावर काकूंनी पिशवीतून पाच नवे कोरे डबे काढून टेबलावर मांडले. "डॉक्टर, मुलगा आम्हांला तीन दिवस होडीतून जंगलात मुक्कामाला नेणार आहे. सोबतच्या खाण्याचे डबे इथूनच न्यावेत म्हणते. यांतले कोणते बरे?"

मी त्यांतला एक डबा काकूंच्याच हाती दिला आणि उघडून दाखवायला सांगितले. झाकणाला चारही बाजूंनी खटके होते, आत रबरी कडे होते. काकूंच्या बोटांना जुना संधिवात. दोन खटके कसेबसे निघाले, तिसऱ्यावर अंगठा घसरला. काका मदतीला सरसावले, तेव्हा मी त्यांना थांबवले. इन्शुलिन काकूंना चालू आहे, आणि ऐन वेळी डबा त्यांनाच उघडावा लागेल.

हा हट्ट मी का धरला, ते सांगतो. माझा दवाखाना महामार्गालगत आहे. काही वर्षांपूर्वी एस.टी.च्या वाहकाने आणि दोन प्रवाशांनी एका आजींना उचलून आत आणले. अंग घामाने थबथबलेले, बोलणे असंबद्ध. रक्तातील साखर तपासली, ती ४२ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाचसात मिनिटांत त्या भानावर आल्या. सकाळी मधुमेहाची गोळी घेऊन, न्याहारी गाडीत करू म्हणून त्या निघाल्या होत्या. घाटात वाहतूक अडकली. उपम्याचा डबा मांडीवरच होता, पण सुनेने घाईत गरम उपमा भरून झाकण घट्ट लावले होते. आतील वाफ निवाली, हवा आकसली आणि झाकण आत ओढले गेले. आजींच्या बोटांना ते निघेना आणि शेजारच्या तरुणाला सांगायचा संकोच वाटला. भरलेला डबा मांडीवर असताना त्या उपाशी राहिल्या. त्या दिवसापासून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक वृद्ध मधुमेह्याला मी डबा उघडून दाखवायला सांगतो.

होडीतला मुक्काम म्हणजे काय?

टोरांटोच्या उत्तरेला, मोटारीने सुमारे तीन तासांवर, ॲल्गॉन्क्विन नावाचे विस्तीर्ण संरक्षित अरण्य आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात दोन हजारांहून अधिक तलाव आहेत. कनू नावाच्या लांबट, अरुंद, वल्ह्याने चालवायच्या होडीतून लोक एका तलावातून दुसऱ्यात जातात. मध्ये जमीन लागली की होडी आणि सामान खांद्यावर घेऊन पायवाटेने चालतात आणि रात्री तलावाकाठी तंबू ठोकतात. तिथे दुकान नसते, शीतकपाट नसते आणि दवाखाना तर नसतोच. सोबत नेलेल्या डब्यांतले अन्न हाच सारा आधार असतो. म्हणून डब्यांचा विचार सामानाच्या यादीत शेवटी न ठेवता औषधांच्या बरोबरीने करावा.

पहिली परीक्षा हाताची

जो खाणार, त्याने डबा स्वतः उघडून आणि पुन्हा लावून पाहावा. ही परीक्षा दुकानात करू नये, घरी पहाटे करावी. त्या वेळी संधिवाताची बोटे ताठरलेली असतात, आणि तलावाकाठच्या थंड सकाळी त्यांची स्थिती तशीच असणार. रुंद तोंडाचा, फिरकीच्या मोठ्या झाकणाचा डबा बहुतेकांना जमतो. झाकणाला धरायला कड असावी. लहान, गुळगुळीत झाकणावर रबरी पट्टा चढवला तरी पकड येते. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असणाऱ्यांसाठी झाकणावर मोठ्या, ठळक अक्षरांत नाव लिहावे. हात कापत असल्यास डबा अर्धाच भरावा.

दुसरी परीक्षा उष्णतेची

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात राहिले की जंतू वेगाने वाढतात. म्हणून असे अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि कडक उन्हात तर एका तासातच संपवावे. घट्ट झाकणाचा डबा हा नियम बदलत नाही. उलट गरम भात बंद केला की तो तासन्‌तास कोमट राहतो. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. तरुणाला एखादी उलटी होऊन भागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या शरीरातील पाणी मात्र झपाट्याने घटते, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दवाखाना एक दिवसाच्या वल्हवण्यावर असेल, तर हा धोका पत्करू नये.

तेव्हा ओलसर शिजवलेले अन्न पहिल्या दिवसापुरतेच न्यावे आणि पहिल्या जेवणातच संपवावे. पुढच्या दिवसांसाठी कोरडे अन्न भरावे: भाजलेला रवा, पातळ पोहे, थालीपिठाची भाजणी, भाजलेल्या मुगाच्या डाळीचे पीठ, मेतकूट, खाकरे. जेवणाच्या वेळी उकळते पाणी घालून किंवा चुलीवर ताजे शिजवून ते खावे. उरलेले अन्न दुसऱ्या दिवसासाठी डब्यात घालू नये. आपल्या पिढीला अन्न टाकवत नाही हे मी जाणतो, म्हणून शिजवतानाच मोजके शिजवावे.

गरम पदार्थ न्यायचाच असेल, तर दुहेरी भिंतीचा स्टीलचा थर्मास घ्यावा. आधी त्यात उकळते पाणी दहा मिनिटे ठेवून ओतून द्यावे आणि मग वाफाळता पदार्थ काठोकाठ भरावा. त्याचे झाकण मुळातच घट्ट असते आणि आतील गरम अन्न अंगावर सांडून भाजू शकते, म्हणून ते घरातल्या तरुणाने उघडून द्यावे.

तिसरी परीक्षा धातूची आणि वजनाची

काचेच्या बरण्या घरीच राहू द्याव्यात. ॲल्युमिनियमच्या, तसेच कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात लोणचे, चिंच, दही असे आंबट काही भरू नये. स्टील उत्तम. ते वास धरत नाही, गरम पाण्याने निर्धोक धुता येते आणि पडले तरी फुटत नाही. मात्र आपल्या नेहमीच्या स्टीलच्या डब्याचे झाकण पाणी रोखत नाही. होडीत त्याला जलरोधक पिशवीची जोड हवी. प्लॅस्टिक घ्यायचे तर तळाच्या त्रिकोणात ५ हा आकडा पाहावा. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि कोरड्या जिन्नसांसाठी ते हलके पडते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांत गरम काही ओतू नये.

आणखी एक गोष्ट मुलाला विचारून घ्यावी. ॲल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात अन्नाचे पत्र्याचे सीलबंद डबे आणि फेकून द्यायच्या बाटल्या न्यायला मनाई आहे. पुन्हा वापरायचे डबे आणि औषधांच्या बाटल्या चालतात. म्हणून दुकानातले डबाबंद रसगुल्ले किंवा फळे बरोबर घेऊ नयेत.

होडीने फिरणारी मंडळी हे सारे डबे एका मोठ्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवतात. ते ३० किंवा ६० लिटरचे असते आणि त्याचे झाकण धातूच्या कड्याने व तरफेने आवळलेले असते. होडी उलटली तरी ते तरंगते आणि आत पाणी शिरत नाही. भरलेले पिंप मात्र जड होते. पाठीचा, हर्नियाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याने ते उचलू नये, त्याचे कडे खेचण्याचीही खटपट करू नये. त्यासाठीच दिवसभराचे खाणे सकाळीच लहान डब्यात काढून आपल्या जवळ ठेवावे.

रात्रीचा पेच

या अरण्यात काळी अस्वले आहेत आणि त्यांचे नाक फार तीक्ष्ण असते. म्हणून रात्री तंबूत खाण्याची कोणतीही वस्तू ठेवायची नाही, असा तिथला नियम आहे. दंतमंजन आणि सुवासिक मलमसुद्धा अन्नाबरोबर तंबूपासून दूर, झाडाला उंच टांगतात. निळे पिंप वास कमी करते, पण ते अस्वलाला रोखू शकत नाही, म्हणून तेही टांगतात. अस्वलाला न उघडणारे कठीण डबे वेगळे मिळतात. त्यांतल्या काहींचे झाकण नाण्याने फिरवून उघडावे लागते. अस्वलाला जे जमत नाही, ते थंडीने आखडलेल्या बोटांनाही सहजी जमत नाही.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर मध्यरात्री उतरली तर काय करावे? साखर पिंपात, पिंप झाडावर आणि झाड अंधारात! वल्हवण्याचे आणि चालण्याचे श्रम झाल्यावर साखर त्या रात्रीही उतरू शकते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

माझा सल्ला असा. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून श्रमाच्या दिवसांचा डोस ठरवून घ्यावा. झोपण्यापूर्वी साखर तपासावी. बिनवासाची साधी ग्लुकोज पावडर, १५ ग्रॅमच्या दोन पुड्या करून, सहज उघडणाऱ्या छोट्या हवाबंद डबीत ठेवावी. ही एकच डबी औषध म्हणून जवळ ठेवायची आहे, हे मुलाने उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना आधी सांगून ती कशी ठेवावी ते विचारून घ्यावे. घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवल्यास एक पुडी पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि कमीच असेल तर दुसरी घ्यावी. भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. लाडू किंवा चॉकलेट या वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्धतेमुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरातली साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे.

ज्यांची साखर वारंवार रात्री उतरते, त्यांनी मुक्कामाचा मोह टाळावा. दिवसा होडीत बसावे आणि संध्याकाळी गावातल्या छपराखाली परतावे. नातवंडांचा आनंद त्याने कमी होत नाही.

थोडे मिठाविषयी, थोडे औषधांविषयी

टिकाऊ पदार्थ बहुधा खारट असतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. लोणचे, पापड आणि फरसाण यांच्या मोठ्या बरण्या नेल्या की हात आवरत नाही. रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांनी दर जेवणाची वेगळी लहान डबी करावी, म्हणजे प्रमाण आपोआप राहते.

औषधे अन्नाच्या डब्यात ठेवू नयेत. त्यांचे दोन संच करावेत, एक आपल्या अंगावरच्या जलरोधक पिशवीत आणि दुसरा वेगळ्या होडीत किंवा वेगळ्या सामानात. एक पिशवी बुडाली तरी दुसरी उरते. वापरात असलेले इन्शुलिन उन्हापासून जपावे आणि बर्फाला थेट टेकू देऊ नये, गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

मुलासुनांना विनंती

आईवडिलांना महागडे डबे भेट देताना ते त्यांच्या हातून एकदा उघडून घ्या. आणि वडीलधाऱ्यांना माझे सांगणे असे, की झाकण निघत नसेल तर शेजारच्याला सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही. घाटातल्या त्या आजींनी नंतर मला म्हटले होते, "एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला त्रास द्यायचा, असं वाटलं." त्या एवढ्याशा गोष्टीने त्यांचा जीव जाण्याची वेळ आली होती.

काकूंनी पाचांपैकी दोन डबे बाजूला ठेवले, तीन परत पिशवीत घातले. ते तीन दुकानदाराने बदलून दिले नाहीत तर काय करायचे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, घरी डाळ-साखर भरा, तिथे काका आहेत. बाजूला ठेवलेले दोन्ही डबे मात्र काकूंनी माझ्यासमोर पुन्हा एकदा उघडले आणि लावले. आपणही प्रवासाला निघण्याच्या आदल्या पहाटे एवढे करावे.