फिटनेसच्या कागदावरचे आकडे

शस्त्रक्रियेआधीचा ‘फिटनेस’ म्हणजे एक सही, अशी समजूत घट्ट बसली आहे. रक्त-लघवी तपासली, ईसीजी काढला, छातीचा फोटो झाला, भूलतज्ज्ञांनी सही केली, की सुटलो. दौलताबादहून शहरातल्या घाटी रुग्णालयात रुग्ण घेऊन आलेले नातेवाईकही ‘फिटनेस मिळाला का?’ एवढंच विचारतात. तो कागद शस्त्रक्रियेनंतर जास्त लागतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.

साठीतला एखादा शेतकरी घ्या. वरचं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं १६०च्या आसपास. आतड्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी प्रेशर ११० भरलं. वॉर्डभर रुग्ण सांभाळणारी सिस्टर आकडा पाहते. तो नॉर्मलच दिसतो. पण या माणसाचं प्रेशर पन्नासने उतरलेलं आहे. आत आतड्याचा जोड गळत असेल, पोटात पू साठत असेल, आणि त्या संसर्गाशी झुंजताना शरीर स्वतःचेच अवयव निकामी करू लागलं असेल. सेप्सिस तो हाच. वय झालेल्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही. तो बरळतो, तर ‘भुलीची गुंगी आहे’ म्हणतात. लघवी कमी होते, तर ‘पाणीच कुठे पितोय’ म्हणतात. आधीचे १६० समोरच्या तक्त्यावर ठळक लिहिलेले असतील, तरच ११० पाहून कुणी डॉक्टरांना हाक मारील.

सगळ्यात हेळसांड होते ती श्वासाची. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. २२ किंवा त्याहून जास्त झाले की सावध व्हायचं. मोजायला घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट लागतं. तेवढा वेळ नसतो म्हणून प्रत्येकापुढे १८ किंवा २० लिहून टाकायची सवय जडते, आणि तक्ता खोटं बोलू लागतो.

सेप्सिस ओळखण्याचं काम मोठ्या इस्पितळांचंच, असं म्हणायची सोय महाराष्ट्राला उरलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांतला सेप्सिस ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले : सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. या बायकांकडे ना आयसीयू होतं, ना प्रयोगशाळा.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र आपण अजून ‘शहरात न्या’ एवढंच म्हणतो. सेप्टिक शॉकमध्ये, किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तेव्हा, पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून गेलं पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात; जमलं तर त्याआधी कल्चरसाठी रक्त काढायचं, पण त्यासाठी औषध अडवायचं नाही. आता नकाशा पाहा. खुलताबाद-वेरूळकडून शहराकडे येणारी रुग्णवाहिका घाट उतरून दौलताबादच्या दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीतून जाते. सुट्टीच्या दिवशी, श्रावणी सोमवारी तिथे गाड्या अडकतात. बाळंतीण असो की टाके घेऊन घरी परतलेला म्हातारा, त्याचा तास त्या कमानीतच संपू शकतो. सलाईन आणि पहिली मात्रा निघण्याआधीच द्यायला हवी. साठलेला पू काढायला शहर लागेल. पहिल्या इंजेक्शनला लागत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेआधीचं प्रेशर, नाडी, श्वास आणि साखर लिहा. धाप, गारठलेले हातपाय, भलतंसलतं बोलणं, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, हे मराठीत छापा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘रेफर’ नको : श्वास किती, प्रेशर किती, कोणतं औषध दिलं आणि किती वाजता.