घर जपायचे तर सामानासकट

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा बीबी का मकबरा पाहतो, पाणचक्की पाहतो, वेळ उरला तर एखाद-दुसरा दरवाजा पाहून वेरूळची वाट धरतो. बादशहा, सुभेदार, सूफी, भिक्खू त्याला भेटतात. एकोणिसाव्या शतकातला सराफ्यातला सावकार किंवा हिमरू विणणारा कारागीर घरात कसा राहत होता, हे मात्र त्याच्या नेहमीच्या यादीत कुठेच नसते. जुन्या शहरातला एखादा वाडा गृहसंग्रहालय म्हणून राखावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. पण ती करताना आपण फक्त भिंतींचा विचार करतो, आणि गफलत तिथेच होते.

लंडनमधले १८ स्टॅफर्ड टेरेस हे रांगेतल्या इतर घरांसारखेच एक घर. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिनली सँबॉर्न १८७५ मध्ये तिथे राहायला आले. पुढच्या पिढ्यांनी फर्निचर आणि चित्रे फारशी हलवली नाहीत. पत्नी मॅरियनच्या रोजनिशा टिकल्या, १८७७ ची सामानाची यादीही टिकली. १९८० मध्ये ते लोकांना खुले झाले. त्याचे मोल वास्तूत नाही, वस्तू जागच्या जागी असण्यात आहे. उलट पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे आहेत. दिनकर केळकरांनी ते जमवले नसते तर बरेचसे भंगारात गेले असते, हे त्यांचे ऋण मोठेच. तरी तो दिवा कोणाच्या खोलीत, कोणत्या कोनाड्यात जळत होता, हे वस्तू घराबाहेर पडली की सहसा हरवते. म्हणून वाडा ताब्यात घेण्याआधी त्याची यादी व्हायला हवी: खोलीवार छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या, गहाणखते, घरातल्या वृद्धांनी सांगितलेल्या हकिकती. निजामाच्या कारभारात १८८४ पर्यंत फारसी होती, नंतर उर्दू आली; घरगुती हिशेब अनेकदा मोडीत. हे कागद वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत, त्यामुळे इथे उशीर परवडणारा नाही.

नळाला रोज पाणी नाही तिथे संग्रहालयाची चैन कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न खोटा नाही. पण यादीला कॅमेरा, विद्यार्थी आणि लिपी जाणणारे दोघे-तिघे लागतात; धरण लागत नाही. शिवाय मलिक अंबरच्या नहरीचे पाणी घराघरांत कसे वापरले जाई, हे सांगण्याची जागाही असे घरच आहे. एकोणिसावे शतक म्हटले की व्हिक्टोरिया राणीच्या काळाचे कौतुक कशाला, असाही आक्षेप येईल; तो इथे लागूच पडत नाही. छावणी इंग्रजांची असली तरी शहर निजामाचे होते. वारसांची भांडणे हा खरा अडथळा. मात्र यादी केल्याने कोणाच्या मालकीला धक्का लागत नाही, म्हणूनच सुरुवात तिच्यापासून व्हावी. महापालिकेने आणि विद्यापीठाने हे काम अंगावर घ्यावे. आणि ज्यांचा वाडा बिल्डरकडे जायचे ठरलेच आहे, त्यांनी रद्दीवाल्याच्या आधी इतिहास विभागाला एक फोन करावा.